आइल ऑफ मॅनची टीटी पाहायला जाताना

बंदिस्त ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती पाहायची सवय झालेल्या माणसाने आइल ऑफ मॅनला निघण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: तेथे टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजेच टीटी, या शर्यतीसाठी वेगळा ट्रॅक बांधलेलाच नाही. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या मध्ये आयरिश समुद्रात असलेल्या या ५७२ चौरस किलोमीटरच्या बेटाचे रोजच्या वापरातले रस्ते ठरलेल्या वेळी रहदारीला बंद केले जातात, त्यांवरून शर्यत धावते आणि शर्यत संपली की तेच रस्ते पुन्हा शाळेच्या बसला, टपालाच्या गाडीला आणि तुम्हाआम्हाला मोकळे होतात. त्यामुळे येथील सुट्टीची आखणी तिकिटापासून किंवा हॉटेलपासून सुरू होत नाही. रस्ता कधी बंद होणार आणि तो बंद होईल तेव्हा आपण त्याच्या कोणत्या बाजूला असणार, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर येथील प्रत्येक दिवस बेतावा लागतो, आणि ही उत्तरे आधी शोधून ठेवणाऱ्याला हे बेट भरभरून देते.

ही शर्यत याच बेटावर का आली, हेही आधी माहीत असलेले बरे. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने वाहनांना ताशी २० मैलांची मर्यादा घातली होती आणि सार्वजनिक रस्ते शर्यतीसाठी बंद करण्यास तेथे परवानगी मिळत नव्हती. आइल ऑफ मॅन मात्र ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीत असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही. त्याची टिनवॉल्ड ही स्वतःची संसद आहे आणि तिने १९७९ मध्ये आपली हजार वर्षे साजरी केली. या संसदेने १९०४ मध्ये रस्ते बंद करण्याची मुभा देणारा कायदा केला, तो आधी मोटारींच्या चाचण्यांसाठी. पहिली टीटी २८ मे १९०७ रोजी सेंट जॉन्स गावाजवळच्या लहान मार्गावर झाली. त्या दिवशी एका सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर स्वार झालेला चार्ली कॉलियर आणि दोन सिलिंडरांच्या गटात नॉर्टनवरचा रेम फाउलर विजयी झाले. १९११ पासून शर्यत डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर गेली. हा माउंटन कोर्स आज ३७.७३ मैलांचा, म्हणजे सुमारे ६०.७ किलोमीटरचा आहे आणि त्यावर दोनशेहून अधिक वळणे आहेत.

कोणत्या दिवसांत जावे

टीटीचा पंधरवडा मे महिन्याच्या अखेरीस सुरू होऊन जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास संपतो. पहिल्या आठवड्यात पात्रता फेऱ्या होतात, त्यांतल्या बऱ्याचशा संध्याकाळी. शर्यती त्या आठवड्याच्या शेवटी सुरू होतात आणि पुढचा आठवडाभर चालतात. सर्वात मानाची सीनियर टीटी शेवटी असते. बहुतेक लोक साहजिकच शर्यतींच्या आठवड्यासाठी धडपडतात. माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर पात्रतेच्या आठवड्याच्या मध्यावर पोहोचावे आणि पहिल्या एकदोन शर्यती पाहून परतावे. पात्रतेच्या वेळी सर्व गटांतले स्वार एकाच संध्याकाळी पाहायला मिळतात, गर्दी कमी असते, दररोज नवी जागा निवडता येते, आणि जूनच्या सुमारास तेथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असल्यामुळे दिवसा बेट पाहून संध्याकाळी कुंपणाशी जाऊन बसणे आरामात जमते. नवख्या स्वारांना पहिली फेरी अनुभवी स्वारामागून, मर्यादित वेगात मारावी लागते. ती पाहिल्यावर या मार्गाची कठीणता कोणत्याही वर्णनापेक्षा लवकर समजते.

ज्यांना या पंधरवड्यात जागा मिळणार नाही किंवा गर्दी नको आहे, त्यांच्यासाठी आणखी दोन काळ आहेत आणि त्यांना दुय्यम समजू नये. ऑगस्टच्या उत्तरार्धात याच माउंटन कोर्सवर मॅन्क्स (म्हणजे आइल ऑफ मॅनची) ग्रां प्री होते. १९२३ मध्ये हौशी स्वारांसाठी सुरू झालेल्या या स्पर्धेत आता जुन्या, अभिजात मोटारसायकलींचे गटही धावतात. चार सिलिंडरांच्या होंडाचा किंवा एका सिलिंडरच्या मॅन्क्स नॉर्टनचा आवाज ज्याला प्रत्यक्ष ऐकायचा आहे, त्याने जूनऐवजी ऑगस्टच निवडावा. दुसरा काळ जुलैचा. बेटाच्या दक्षिणेस कासलटाउनजवळच्या बिलाउन मार्गावर १९५५ पासून सदर्न १०० ही शर्यत होते. तो मार्ग अवघा सव्वाचार मैलांचा आणि दगडी कुंपणांमधून जाणारा आहे. तेथे स्वार घोळक्याने एकत्र सुटतात आणि काही मिनिटांत पुन्हा समोर येतात, त्यामुळे चुरस डोळ्यांनी दिसते.

पोहोचणे आणि राहणे

बेटावर जाण्याचे दोन मार्ग आहेत. कासलटाउनजवळच्या रोनाल्ड्सवे विमानतळावर लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल आदी शहरांतून विमाने येतात. समुद्रमार्गाने जायचे तर आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट या १८३० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या बोटी डग्लस या राजधानीच्या बंदरात आणतात. लँकशायरच्या किनाऱ्यावरील हेशॅमहून येणारी मोठी बोट पावणेचार तासांच्या आसपास घेते आणि लिव्हरपूलहून येणारी वेगवान बोट पावणेतीन तासांच्या आसपास. स्वतःची किंवा भाड्याची मोटारसायकल सोबत असेल तर बोटीला पर्याय नाही. या पंधरवड्यातील बोटींची वाहनांसाठीची जागा कित्येक महिने आधी भरते, म्हणून क्रम असा ठेवावा: आधी बोट, मग निवास, आणि शेवटी बाकी सारे. उलट क्रमाने गेलेल्या माणसाकडे खोली असते आणि बेटावर पोहोचण्याचा मार्ग नसतो. पायी प्रवाशाला जागा मिळणे त्या मानाने सोपे जाते, आणि बेटावर मोटारसायकलीशिवायही उत्तम हिंडता येते. ते कसे, हे पुढे येईलच.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांसाठी ब्रिटनचा पर्यटक व्हिसा या बेटावरही चालतो आणि ब्रिटनमधून तेथे जाताना पारपत्र तपासणीची वेगळी खिडकी लागत नाही. तरीही पारपत्र जवळ ठेवावेच. प्रवास विमा घेताना मात्र तो आइल ऑफ मॅनला लागू होतो का, हे स्वतंत्रपणे विचारावे, कारण हा युनायटेड किंग्डमचा भाग नाही आणि विम्याच्या कागदांत हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. मोबाइलच्या रोमिंगचेही तसेच आहे. ब्रिटनसाठी घेतलेली योजना बेटावर चालेलच असे नाही.

या बेटाची लोकसंख्या ८४ हजारांच्या आसपास आहे, आणि टीटीच्या दिवसांत हजारो पाहुणे येतात तेव्हा हॉटेले पुरत नाहीत. म्हणून तेथे होमस्टेची पद्धत रुजली आहे: या काळात सामान्य कुटुंबे आपल्या घरातील एखादी खोली अधिकृतपणे पाहुण्यांना देतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर हीच सोय निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या घरात तीन पिढ्यांनी कुंपणावर बसून शर्यत पाहिली आहे, तेथे सकाळच्या न्याहारीच्या टेबलावर मिळणारी माहिती, आज धुके कधी उठेल, कोणत्या वळणावर ऊन डोळ्यांवर येईल, कोणत्या मागच्या वाटेने जावे, कोणत्याही नकाशात मिळत नाही. तंबूत राहायची तयारी असेल तर शेते आणि क्रीडा क्लबांची मैदाने तात्पुरती छावणी होतात. तंबू मात्र वाऱ्यापावसाला टिकणारा न्यावा. जूनमध्येही तेथील रात्री गार असतात.

मार्गाच्या आत की बाहेर

आता या लेखातील सर्वात महत्त्वाचा भाग. माउंटन कोर्स म्हणजे बेटाच्या मध्यावर टाकलेले एक मोठे कडे आहे असे समजा. ते डग्लसहून निघून पश्चिमेला बॅलाक्रेनपर्यंत जाते, तेथून उत्तरेला कर्क मायकल आणि बॅलाघ या गावांतून फिरते, पूर्वेला रॅम्झीला येते आणि तेथून स्नेफेल डोंगराच्या अंगाखांद्यावरून पुन्हा डग्लसला उतरते. स्वार हे कडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. रस्ते बंद झाले की कड्याच्या आतला माणूस आत आणि बाहेरचा माणूस बाहेर राहतो. डग्लसचा किनारी भाग, बंदर, विमानतळ, संपूर्ण दक्षिण, पश्चिमेचे पील गाव आणि पूर्व किनारा हे सारे बाहेर आहे. शर्यत जेथून सुटते त्या डग्लसमधील ग्रँडस्टँडच्या, म्हणजे प्रेक्षागाराच्या, मागचे नोबल्स पार्क आणि मधल्या दऱ्याखोरी आत आहेत. डग्लसजवळ जुन्या रेल्वेमार्गावर केलेला ॲक्सेस रोड शर्यतीच्या मार्गाखालून जातो. लहान वाहनांना आणि पादचाऱ्यांना तेवढी एक वाट मिळते, शिवाय काही ठिकाणी पादचारी पूल आहेत. पण हा मार्ग अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा. रोजचा बेत त्यावर अवलंबून ठेवू नये, कारण तेथे रांग लागली की तासभर सहज जातो.

म्हणून आदल्या रात्री नकाशा समोर घ्यावा आणि तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: रस्ते बंद होण्याची वेळ, आपली जागा आत आहे की बाहेर, आणि संध्याकाळी आपल्याला जेथे झोपायचे आहे ते ठिकाण कोणत्या बाजूला आहे. बाहेरच्या बाजूने जवळजवळ सर्वत्र जाता येते. पीलला जायचे असेल तर मुख्य रस्ता शर्यतीत अडकलेला असला तरी फॉक्सडेलवरून वळसा घालून जाता येते, आणि पीलहून किनाऱ्याकिनाऱ्याने कर्क मायकलपर्यंत. रॅम्झीला लॅक्सीवरून जाणारा किनारी रस्ता आहे. ठरवलेल्या जागेवर रस्ता बंद होण्याच्या किमान तासभर आधी पोहोचावे, कारण एकदा बंद झालेला रस्ता ओलांडणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो नियम अत्यंत काटेकोरपणे पाळला जातो.

मोटारसायकल नसलेल्यांसाठी येथे एक देणगीच आहे. १८९३ मध्ये सुरू झालेली मॅन्क्स इलेक्ट्रिक रेल्वे डग्लसच्या किनाऱ्यावरून लॅक्सीमार्गे रॅम्झीला जाते आणि तिचा संपूर्ण मार्ग शर्यतीच्या कड्याबाहेर आहे. रस्ते बंद असतानाही तिने रॅम्झी गाठता येते. लॅक्सीला गाडी बदलून १८९५ च्या स्नेफेल माउंटन रेल्वेने चढत गेले की थेट डोंगरावरच्या बंगलो या जागी, शर्यतीच्या रस्त्याच्या काठाशी, उतरता येते.

कोठे बसावे

बहुतेक जागा विनामूल्य आहेत. ग्रँडस्टँडची आणि काही ठिकाणच्या चौथऱ्यांची तिकिटे असतात, ब्रॅडनच्या चर्चजवळही पैसे देऊन बसण्याची सोय असते. उरलेले लोक बांधांवर, शेतांच्या कडेला आणि पबांच्या अंगणांत बसतात. ग्रँडस्टँडवर एकदा तरी बसावे, कारण स्वार निघताना खांद्यावर पडणारी थाप आणि पिटमधील इंधन भरण्याची घाई तेथेच दिसते. पण सारे दिवस तेथे घालवू नयेत.

ग्रँडस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रे हिल आहे. दोन्ही बाजूंना घरे असलेला हा नेहमीचा उतार. त्याच्या तळाशी मोटारसायकलचे सस्पेन्शन पूर्ण दबते आणि पुढच्याच क्षणी ती चढावर उसळते. येथे पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या माणसाला पहिला स्वार जवळजवळ दिसतच नाही. आवाज येतो, हवेचा झोत लागतो आणि रस्ता पुन्हा रिकामा असतो. डोळा सरावायला चारपाच स्वार जावे लागतात. बॅलाघ ब्रिजवर याच्या उलट. तेथे गावातल्या कमानदार पुलावर मोटारसायकलची दोन्ही चाके जमिनीवरून उचलली जातात, वेग कमी असतो आणि प्रत्येक स्वाराची उतरण्याची ढब स्पष्ट पाहता येते. कर्क मायकलच्या अरुंद रस्त्यावर घरांच्या भिंतींमधून ताशी दीडशे मैलांपुढचा वेग पाहायला मिळतो, तर सल्बीच्या लांब सरळ पट्ट्यावर वेगवान मोटारसायकली ताशी २०० मैलांच्या आसपास जातात. सल्बीचे आकर्षण सर्वांना असते, पण दोन तास तेथेच बसणे मला मानवणार नाही. वेगाचा अंदाज आला की तेथे पाहण्यासारखे फारसे उरत नाही, आणि खरे कौशल्य वळणांवर दिसते.

छायाचित्रे काढायची असतील तर रॅम्झीनंतर डोंगर चढताना लागणारे गूसनेक निवडावे. उजवीकडे वळत चढणाऱ्या या वळणावर स्वार अगदी संथ होतात आणि मागे रॅम्झीचे मैदान व समुद्र दिसतो. तेथे पोहोचण्यासाठी किनारी रस्त्याकडून चढ चढावा लागतो, म्हणून सामान कमी न्यावे. बंगलोला जोसेफ ऊर्फ जोई डनलॉप यांचा पुतळा आहे. १९७७ ते २००० या काळात २६ टीटी जिंकणारा हा उत्तर आयर्लंडचा स्वार २००० च्या जूनमध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एकाच आठवड्यात तीन शर्यती जिंकला आणि महिनाभराच्या आतच एस्टोनियातील टालिन येथे शर्यतीत मरण पावला. त्यांचा पुतण्या मायकल डनलॉप याने २०२४ मध्ये तो विक्रम ओलांडला. डोंगरावरून उतरताना क्रेग-नी-बा येथे केट्स कॉटेजपासून खाली येणारा लांब उतार आणि त्याच्या टोकाचे उजवे वळण एकाच नजरेत दिसते. तेथे पब आहे, मागच्या रस्त्याने बाहेरून पोहोचता येते, आणि लहान मुले किंवा वयस्क माणसे सोबत असतील तर माझी पहिली पसंती हीच जागा आहे.

जे पाहतो ते समजण्यासाठी

टीटीमध्ये सारे स्वार एकत्र सुटत नाहीत. दर दहा सेकंदांनी एकेक जण निघतो आणि शर्यत घड्याळाशी असते. त्यामुळे समोरून पहिला गेलेला माणूस आघाडीवर असेलच असे नाही. रेडिओ सोबत असणे म्हणूनच आवश्यक आहे. मॅन्क्स रेडिओचे शर्यतीचे समालोचन मार्गभर ऐकू येते. पण साध्या स्टॉपवॉचनेही शर्यत वाचता येते आणि त्यातला आनंद निराळाच आहे. समजा सर्व क्रमांकांचे स्वार क्रमाने, कोणीही न गळता सुटले आहेत, तर सहा क्रमांकाचा स्वार एक क्रमांकानंतर पन्नास सेकंदांनी निघालेला असतो. तुमच्या समोरून एक क्रमांक गेल्यापासून सहा क्रमांक येईपर्यंत पंचेचाळीस सेकंदच लागले, तर तो प्रत्यक्षात पाच सेकंदांनी पुढे आहे. पुढच्या फेरीत हा फरक वाढला की घटला, हे पाहत गेले की रस्ता रिकामा असतानाही शर्यत मनात चालू राहते.

सर्वात वेगवान स्वारांना एक फेरी पूर्ण करायला सतरा मिनिटांहूनही कमी वेळ लागतो. पीटर हिकमन याने २०२३ मध्ये ताशी १३६.३५८ मैलांच्या सरासरीने ही फेरी मारली. सीनियर शर्यत सहा फेऱ्यांची, म्हणजे सुमारे ३६४ किलोमीटरची आखलेली असते आणि दर दोन फेऱ्यांनंतर इंधनासाठी थांबावे लागते. साइडकारच्या, म्हणजे साथीदारासाठी बाजूला जागा जोडलेल्या तीनचाकींच्या, शर्यतीही चुकवू नयेत. वळणावर बाहेर झुकणारा साथीदार पाहिला की हा खेळ दोघांच्या विश्वासावर उभा आहे, हे पटते.

जाण्यापूर्वी थोडा इतिहास वाचून जाणाऱ्याला प्रत्येक वळण बोलके होते. सोइचिरो होंडा यांनी १९५४ मध्ये टीटीत उतरण्याचा संकल्प जाहीर केला, १९५९ मध्ये त्यांच्या कारखान्याचा संघ बेटावर आला आणि अवघ्या दोन वर्षांत, १९६१ मध्ये, माइक हेलवूड याने होंडावर १२५ आणि २५० सीसीच्या शर्यती जिंकल्या. कर्क मायकलजवळचे बर्किन्स बेंड हे वळण आर्ची बर्किन या स्वाराच्या नावाचे आहे. १९२७ मध्ये सरावाच्या वेळी रस्ते खुलेच असत. समोर आलेल्या मासळीच्या गाडीला चुकवताना तो मरण पावला आणि पुढच्या वर्षापासून सरावासाठीही रस्ते बंद होऊ लागले. आज आपण कुंपणाशी बसून जी शिस्त पाळतो, तिच्यामागे असा एखादा माणूस आहे.

धोका आणि शिस्त

माउंटन कोर्सवर १९११ पासून २६० हून अधिक स्वारांचा मृत्यू झाला आहे. २०२२ च्या एकाच टीटीने सहा जणांचा बळी घेतला. १९७२ मध्ये जिल्बेर्तो पार्लोत्तीच्या मृत्यूनंतर जाकोमो आगोस्तिनी या दहा टीटी जिंकलेल्या विजेत्याने येथे धावणे सोडले, आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक अजिंक्यपदातील समावेश संपला. हे सारे माहीत असूनही स्वार येतात, तो त्यांचा जाणतेपणी घेतलेला निर्णय असतो. प्रेक्षक म्हणून जाताना आपणही मनाची तयारी ठेवावी. लाल बावटा फडकला, हेलिकॉप्टर उडाले आणि बराच वेळ काही कळले नाही, तर शांत बसावे, अफवा पसरवू नयेत आणि अपघाताची छायाचित्रे काढून कोठेही टाकू नयेत. स्वाराच्या घरच्यांना बातमी आधी मिळाली पाहिजे.

मार्शल, म्हणजे मार्गावर सुरक्षेची व्यवस्था पाहणारी माणसे, सांगतील ती गोष्ट विनातक्रार ऐकावी. हे सारे मार्शल स्वयंसेवक आहेत आणि त्यांच्याशिवाय एकही फेरी होऊ शकत नाही. मनाई असलेल्या जागांवर फलक लावलेले असतात. तेथे कुंपणापलीकडे पाय, टोपी, कॅमेरा काहीही जाता कामा नये. ड्रोन उडवू नये. शेवटचा स्वार गेला म्हणजे रस्ता खुला झाला असे नाही. रस्ता खुला झाल्याची पाटी लावलेली गाडी जाईपर्यंत बांधावरच थांबावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत स्वतः मार्शल होण्याचा विचार अवश्य करावा. त्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि शर्यत पाहण्यासाठी त्याहून जवळची जागा नाही.

हवामानाची अडचण प्रत्येकाला येते. स्थानिक लोक म्हणतात की बेटाचा रक्षक असलेला समुद्रदेव मनानन आपला झगा पांघरतो, तेव्हा डोंगर धुक्यात बुडतो. तेव्हा बचावाचे हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि ते उडू शकत नसेल तर शर्यत सुटत नाही. डग्लसमध्ये लख्ख ऊन असताना शर्यत तहकूब झाल्याचे ऐकून चिडू नये. म्हणूनच एकाच शर्यतीसाठी दोन दिवसांची सहल आखणे चुकीचे आहे; कमीत कमी पाच दिवस हाताशी असावेत. सोबत पावसाचा कोट, गरम कपडे, उन्हापासून संरक्षण, खाणे, पाणी आणि घडीची खुर्ची घ्यावी. बांधावर पाच तास बसायचे असते आणि मधूनच उठून दुकान गाठता येत नाही.

त्या रस्त्यावर स्वतः जाताना

आपणही ती फेरी मारावी, असे प्रत्येकाला वाटते आणि ती मारावीच. बेटावर गावाबाहेरच्या अनेक रस्त्यांवर सर्वसाधारण वेगमर्यादा नाही, पण गावांत मर्यादा आहेत, टीटीच्या काळात तात्पुरत्या मर्यादाही घातल्या जातात आणि पोलिसांची नजर करडी असते. वाहने डावीकडूनच चालतात. या काळात डोंगरावरचा रस्ता रॅम्झीहून डग्लसच्या दिशेने एकेरी केला जातो. दोन आठवड्यांमधला रविवार मॅड संडे म्हणून प्रसिद्ध आहे, त्या दिवशी रस्ता खुला असेल तेव्हा असंख्य पाहुणे त्यावर उतरतात, आणि माझा स्पष्ट सल्ला आहे की नवख्याने त्या दिवशी डोंगरावर जाऊ नये. आठवड्यातील एखाद्या सकाळी, लवकर निघावे. ताशी चाळीस मैलांनी गेले तरी फेरीला तासभर पुरतो. वाटेत थांबता येते, वळणांची नावे वाचता येतात, आणि काल ज्या बांधावर बसलो होतो तेथला रस्ता किती उंचसखल आहे, हे हाताला कळते. अनुभवी स्वारांना ही वळणे शिकायला काही वर्षे लागतात. पाहुण्याने पहिल्याच दिवशी त्यांच्या रेषा शोधू नयेत.

शर्यत नसलेला दिवस

शर्यतींच्या मधल्या दिवसांत बेट पाहावे. लॅक्सीचे १८५४ चे लाल-पांढरे प्रचंड पाणचक्र, ज्याला लेडी इझाबेला म्हणतात, सुमारे २२ मीटर व्यासाचे आहे आणि खाणीतले पाणी उपसण्यासाठी बांधले होते. यंत्रांची आवड असलेल्या माणसाला येथे सहज दोन तास लागतात. कासलटाउनचा रशेन किल्ला, पीलचा समुद्रकाठचा किल्ला, डग्लसहून पोर्ट एरिनला जाणारी १८७४ ची वाफेवरची रेल्वे आणि दक्षिण टोकावरून दिसणारे काफ ऑफ मॅन हे छोटे बेट, यांपैकी दोन गोष्टी तरी निवडाव्यात. मोटारसायकलप्रेमीने जर्बी येथील आइल ऑफ मॅन मोटर म्युझियमला आणि डग्लसच्या मॅन्क्स म्युझियमला भेट द्यावी. पीलची धुरी दिलेली हेरिंग मासळी आणि क्वीनी नावाच्या लहान शिंपल्यांचा पदार्थ चाखावा. डग्लस ते कासलटाउन रस्त्यावर फेअरी ब्रिज लागतो. तेथून जाताना पऱ्यांना नमस्कार करण्याची रीत आहे आणि स्थानिक लोक ती मनापासून पाळतात. आपणही पाळावी.

पैशांबाबत एकच सूचना. बेटाचे स्वतःचे पौंड आहेत, त्यांची किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच असते आणि बेटावर दोन्ही चालतात. पण बेटाच्या नोटा ब्रिटनमध्ये सहसा स्वीकारल्या जात नाहीत, म्हणून परतीच्या दिवशी त्या बेटावरच खर्च कराव्यात किंवा बदलून घ्याव्यात. पुन्हा यायचे मनात असेल, तर डग्लसच्या धक्क्यावरून निघण्याआधीच पुढच्या वर्षीच्या बोटीच्या आरक्षणाची चौकशी करावी आणि ज्या घरी राहिलात त्यांना खोलीबद्दल विचारून ठेवावे; बऱ्याच घरांत दरवर्षी तेच पाहुणे येतात आणि रिकामी खोली आधी त्यांनाच मिळते.